जिंकले, आणि दादा नाराज

(घरचा ग्रुप, सोमवार, 30 डिसेंबर 2024)

दादा, एडिसन, न्यू जर्सी (भारतात पहाटे 3.05): जिंकले. 45-33. झालं, पहिला नंबर गेला. अख्खा सीझन वाया.

आत्या, सांगली (6.10): अरे जिंकले ना? मग वाया कसा? लेकराला घेऊन गेला होतास म्हणे मॅचला. सगळे ठीक आहात ना?

दादा: ठीक आहोत गं आत्या. मेटलाइफ स्टेडियमला गेलो होतो, अमेरिकन फुटबॉलची मॅच, आमच्या जायंट्सची. सलग दहा हरून 2-13 वर आले होते, म्हणजे 2 विजय, 13 पराभव. राहिलेल्या दोन हरले असते की एप्रिलच्या ड्राफ्टमध्ये पहिला खेळाडू आम्हीच उचलला असता. आता पॅट्रियट्सचा संघ त्या पाळीत आमच्या पुढे गेला.

आत्या: ड्राफ्ट म्हणजे लिलाव का?

मी, पुणे: लिलाव नाही आत्या. कॉलेजातून येणारे खेळाडू 32 संघ पाळीपाळीने निवडतात, अशा सात फेऱ्या. जो सगळ्यात जास्त हरला त्याची पाळी पहिली. आयपीएलमध्ये तळाला राहून लिलावात काही जास्तीचं मिळत नाही, इथे मिळतं. 1936 पासून चालू आहे हे. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी सुचवलं होतं, कारण पैसेवाले संघ चांगली पोरं आधीच उचलायचे आणि बाकीच्यांना उरलंसुरलं.

काका, ठाणे: हेतू चांगला आहे. पण मग मुद्दाम हरायचा मोह होणारच की.

दादा: मोह कसला काका, साधा हिशोब आहे. काल ज्यांना हरवलं त्या कोल्ट्सचंच बघा. 2011 ला त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू, पेटन मॅनिंग मानेच्या दुखण्याने बाहेर, संघ 2-14. पुढच्या ड्राफ्टला अँड्र्यू लक पहिला उचलला आणि लगेच 11-5. सिनसिनाटी 2019 ला 2-14, मग क्वार्टरबॅक जो बरो आला, दुसऱ्याच हंगामात सुपर बोल, म्हणजे फायनल गाठली. आमच्याकडे क्वार्टरबॅकच नाही, डॅनियल जोन्सला नोव्हेंबरमध्ये सोडलं. कॉलेजातला कॅम वॉर्ड नाहीतर शिदूर सँडर्स मिळाला असता. एका बिनकामाच्या विजयापायी घालवलं सगळं.

वहिनी, एडिसन: मला त्यातलं फार कळत नाही, पण एक सांगते. आपल्या नेबर्सने दुसरा टचडाउन केला, म्हणजे चेंडू पार टोकाला नेऊन गुण मिळवले, तेव्हा पिल्लू खुर्चीवर उभा राहून नाचत होता. अंगात नेबर्सचीच एक नंबरची जर्सी, वाढदिवसाची. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, अरे पाडा त्याला! आपल्याच खेळाडूला! पिल्लूने वळून बाबाकडे बघितलं, तर बाबा कपाळाला हात लावून बसलेले. गाडीत हळूच विचारलं त्याने, "आई, आपण जिंकलो ना?"

दादा: मी समजावलं त्याला.

काका: काय समजावलंस?

दादा: हेच, की कधीकधी हरण्यात फायदा असतो.

मी: दादा, हे चुकीचं समजावलंस. लांब लिहितेय, पण वाच.

तुला 3 जानेवारी 2021 आठवतो का? मी तेव्हा तुमच्याकडेच राहत होते. जायंट्सनी दुपारी काउबॉइजना हरवलं होतं, 6-10 झाले होते, आणि रात्री ईगल्सनी वॉशिंग्टनला हरवलं असतं तर प्लेऑफ तुमचं होतं. चौथ्या क्वार्टरमध्ये 17-14 ने मागे असताना ईगल्सच्या कोचने क्वार्टरबॅक जेलन हर्ट्सला बसवून तिसऱ्या फळीतल्या सडफेल्डला आत घातलं. वॉशिंग्टन 20-14 ने जिंकलं. त्या पराभवामुळे ईगल्सचा ड्राफ्टचा नंबर नववा होता तो सहावा झाला. कोच म्हणत राहिले की मी जिंकायलाच खेळत होतो. तू रिमोट सोफ्यावर आपटलास आणि म्हणालास, हा दरोडा आहे. बरोबरच म्हणालास. मग काल जायंट्स मुद्दाम हरले असते तर तो काय झाला असता? कोल्ट्स प्लेऑफच्या शर्यतीत राहिले असते, आणि त्याच शर्यतीतल्या मायामी, सिनसिनाटी, डेन्व्हरच्या घराघरांत लोकांनी रिमोट आपटले असते.

दुसरं, हरायचं कुणी? काल चार टचडाउन पास टाकून पाचवा स्वतः पळत नेला तो ड्रू लॉक एका वर्षाच्या करारावर आहे. पहिला नंबर मिळाला तर येणारा नवा मुलगा त्याच्याच जागेवर बसणार. त्याने कुणासाठी हरायचं? एनएफएलमध्ये, म्हणजे या लीगमध्ये, बहुतेकांचे करार मधेच तोडता येतात. आज मैदानावर असलेल्यांपैकी कितीतरी जण पुढच्या सप्टेंबरला या संघात नसतील. प्रत्येक सामन्याचं चित्रीकरण दुसरे संघ बघतात, तीच त्यांची पुढची नोकरी. हाडं मोडायच्या खेळात "जरा हळू धाव" कुणाला सांगणार?

आत्या: बरोबर आहे. पोटासाठी खेळणारा माणूस मुद्दाम कसा हरेल?

काका: पण मग वरून कुणी सांगत असेल तर? हे सरळ फिक्सिंग झालं.

मी: काका, तोच वाद 2022 ला झाला. मायामीचे आधीचे कोच ब्रायन फ्लोरेस यांनी कोर्टात आरोप केला की 2019 मध्ये मालक एका पराभवामागे 1 लाख डॉलर द्यायला तयार होते. लीगच्या चौकशीत संघ मुद्दाम हरला नाही असं ठरलं. खेळाडू घास सोडत नाहीत, वरचे लोक ताट रिकामं करतात. चांगले खेळाडू विकायचे, बदल्यात ड्राफ्टच्या पाळ्या साठवायच्या, आणि उरलेल्यांना मैदानावर पाठवायचं.

दादा: ते चालेल मग? संघ नव्याने बांधायचा म्हणजे तेच करावं लागतं.

मी: उघडपणे सांगून बांधत असतील तर चालेल, पण रविवारी मैदानावर जे अकरा उतरतील ते जिंकायलाच उतरले पाहिजेत. आणि नंबराने संघ बांधला जातो असं तुला अजून वाटतं? जायंट्सचंच मोज. 2018 ला दुसरा, 2019 ला सहावा, 2020 ला चौथा, 2022 ला पाचवा आणि सातवा, यंदा सहावा. सात वर्षांत पहिल्या सातातले सहा. तरी 3-13. त्यातला 2018 चा सेकॉन बार्कले यंदा ईगल्सकडे गेला आणि कालच, तुम्ही मेटलाइफला होतात त्याच दुपारी, चेंडू घेऊन पळताना हंगामातले 2,000 यार्ड पार केले त्याने. तो नंबरामुळे मिळाला होता, पण सांभाळता आला नाही.

इथलाच दुसरा संघ जेट्स, 2020 ला 0-13 होते. रॅम्सना हरवलं, शेवटी पहिला नंबर आणि त्यावरचा क्वार्टरबॅक ट्रेव्हर लॉरेन्स जॅक्सनव्हिलला गेला. सगळं न्यू जर्सी हळहळलं. पण दुसरा नंबर होताच की हातात, त्यावर आणलेला झॅक विल्सन टिकला नाही.

आणि टेक्सन्सचं तर तू स्वतः मला फोन करून सांगितलं होतंस. जानेवारी 2023, शेवटची मॅच, चौथा म्हणजे शेवटचा प्रयत्न, 20 यार्ड पुढे जायची गरज, लांब फेकलेला चेंडू झेलून टचडाउन, वर दोन गुण, 32-31. पहिला नंबर गेला आणि कोच लव्ही स्मिथना त्याच रात्री काढलं. दुसऱ्या नंबरवर सी. जे. स्ट्राउड मिळाला. पुढच्या हंगामात 10-7, विभागाचं विजेतेपद. पहिला नंबर ज्यांनी घेतला ते पँथर्स 2-15.

दादा: स्ट्राउडचं खरं आहे.

आत्या: एवढं सगळं कसं गं लक्षात राहतं तुला?

मी: सात वर्षं दर रविवारी दादाच्या शेजारी बसून बघितलंय आत्या. तोच शिकवायचा. म्हणून तर वाईट वाटलं.

दादा: पटतंय थोडं. तरी मला क्वार्टरबॅक हवाच आहे. बास्केटबॉलच्या एनबीएसारखी सोडत काढावी, तिथे 2019 पासून तळाच्या तिघांनाही सारखीच, 14 टक्के संधी असते.

मी: सोडत काढली तर मलाही चालेल.

आत्या: पुढची मॅच कधी?

दादा: रविवारी, फिलाडेल्फियात. घरूनच बघणार.

वहिनी: जर्सी घालूनच झोपलाय तो. काढू दिली नाही.

दादा: किकऑफ पकडून 100 यार्ड पळाला ना स्मिथ-मार्सेट, तेव्हा आम्ही हॉट चॉकलेटच्या रांगेत होतो, त्याचं हुकलं ते. सकाळी उठला की आधी तेच लावतो टीव्हीवर.