मदत हवी आहे : आत्याआजीचे १९५३ चे इस्पितळातले कागद

नमस्कार मंडळी. आम्ही दांडिया बाजारातले, चार पिढ्या बडोद्यातच. माझ्या आजोबांच्या धाकट्या बहिणीला १९५३ साली वेड्यांच्या इस्पितळात ठेवलं. त्यानंतर घरात तिचं नावच निघालं नाही. गेल्या महिन्यात आईच्या ट्रंकेत एक पिवळी पावती सापडली: 'लुगडी दोन, पोलकी तीन, पितळी फुलपात्र एक.' खाली आजोबांची सही, शाई फुटलेली. तेवढाच पुरावा.

ती कधी गेली, कुठे गेली, तिला कोणी भेटायला जायचं का, एवढंच कळायला हवंय. आईचं वय ८४ आहे.

संस्थान १९४९ ला मुंबई राज्यात विलीन झालं, म्हणजे कोठी कचेरीतल्या जुन्या संस्थानी दप्तरात हे मिळणं कठीण. पण तेव्हा वेड्यांना इस्पितळात ठेवण्याबाबतचा १९१२ चा कायदा (इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट) लागू होता. त्यात नातेवाइकांचा अर्ज, डॉक्टरांचे दोन दाखले आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागे. म्हणून मला वाटतं, इस्पितळाचं रजिस्टर गेलं असलं तरी कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये नक्कल असू शकते. तिथे असे जुने कागद कोणी काढलेत का? अर्ज कोणाच्या नावे करायचा?

एका कचेरीत 'मेलेल्या वेडीचे कागद कशाला हवेत' असं ऐकून परत आले. फार लागलं ते.

२०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात रुग्णाला स्वतःचे कागद मागता येतात. रुग्ण हयात नसेल तर भाचीला काय मार्ग आहे, हे एखाद्या वकिलांनी सांगावं. तिचं नाव इथे लिहीत नाही, व्यक्तिगत मेसेजमध्ये कळवेन.