हिरव्या भिंती ठाण्याच्या हवेला मानवतील का?

धागाकर्ता : पाचपाखाडीकर

आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या पुनर्विकासाचा आराखडा नुकताच सर्वसाधारण सभेपुढे आला. नव्या इमारतीच्या पश्चिमेकडील बाजूवर त्यात सुमारे ४०० चौरस मीटरची ‘हिरवी भिंत’ दाखवली आहे. पोलादी सांगाड्यावर प्लॅस्टिकच्या कप्प्यांच्या रांगा, कप्प्यांत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि रोपे, वरून खाली ठिबकच्या नळ्या आणि हे सारे चालवायला पंप व टायमर, अशी तिची रचना आहे. चित्र देखणे आहे आणि बहुतेक सभासदांना ते आवडलेही आहे. हिरवाईला कोण नको म्हणेल? माझा आक्षेप या पद्धतीवर आहे आणि जाणकारांनी तो तपासून पाहावा, यासाठी हा धागा काढत आहे.

अशा प्रस्तावात सिंगापूरचा दाखला हटकून दिला जातो, कारण तेही उष्ण कटिबंधातले शहर आणि आपलेही. मात्र सिंगापुरात वर्षाकाठी २,१०० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस सुमारे १७० दिवसांत विभागलेला असतो आणि फेब्रुवारीसारख्या तिथल्या सर्वांत कोरड्या महिन्यातही तो १०० मिलिमीटरच्या आसपास होतो. ठाण्यात एकूण पाऊस त्याहून अधिक पडतो, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या काळात. त्यानंतर दिवाळीपासून पुढच्या मृगापर्यंत आकाशाकडून काही मिळेल याची आशा धरता येत नाही. कप्प्यातल्या रोपाच्या वाट्याला ओंजळभर कोकोपीट येते, त्यामुळे जमिनीतल्या झाडाप्रमाणे खोल मुळे सोडून ओल शोधणे त्याला जमत नाही, आणि एप्रिलच्या उन्हात पंप दोन दिवस बंद राहिला तरी संपूर्ण भिंत माना टाकते.

पाण्याचा साधा हिशेब करू. चौरस मीटरला दिवसाला चार लिटर धरले, तर ४०० चौरस मीटरला १,६०० लिटर लागतात आणि कोरड्या आठ महिन्यांत हा आकडा पावणेचार लाख लिटरच्या पुढे जातो, म्हणजे दहा हजार लिटरचे अडतीसएक टँकर झाले. ठाणे शहराला स्वतःचे धरण नाही, हे येथे वेगळे सांगायला नको.

फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लाँ यांनी १९८८ साली या प्रकारच्या भिंतीचे पेटंट घेतले. उष्ण प्रदेशातील जंगलांत मातीवाचून कातळावर वाढणाऱ्या वनस्पती पाहून त्यांना ही कल्पना सुचली. आपल्याकडेही कातळावरच्या बागा आहेतच. येऊरच्या आणि एकूणच सह्याद्रीच्या कड्यांवर आषाढ-श्रावणात शेवाळ, नेचे, तेरड्याचे प्रकार आणि रानबेगोनिया दाटून येतात, पण पाऊस सरला की तोच कडा तपकिरी होतो. निसर्गाने आपल्या भागात बारमाही हिरवा कडा ठेवलेला नाही आणि आम्ही मात्र तो विजेच्या बळावर राखण्याचे वर्षानुवर्षांचे देणे सभासदांच्या मासिक देखभाल शुल्कावर टाकू पाहत आहोत. त्यापेक्षा जमिनीत मुळे असलेल्या मधुमालती, कृष्णकमळ किंवा संक्रांतवेल जाळीवर चढवाव्यात, असे माझे मत आहे.

प्रतिसाद : ऐरोलीचा वास्तुविशारद

आपली मांडणी काळजीपूर्वक केलेली असली तरी तीत तीन गोष्टी निसटल्या आहेत.

पहिली म्हणजे भिंतीचा ताप. सिंगापूरच्या हॉर्टपार्कमध्ये हिरव्या भिंतींच्या आठ निरनिराळ्या रचनांची तुलना करणारा अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. त्यात उघड्या काँक्रीटच्या भिंतीच्या तुलनेत रोपांनी वेष्टित भिंतीच्या पृष्ठभागाचे तापमान साडेअकरा अंश सेल्सियसपर्यंत कमी आढळले. पश्चिमेच्या भिंतीमागे झोपण्याची खोली असलेल्या माणसाला ऑक्टोबरमध्ये रात्री अकरा वाजताही ती भिंत हाताला गरम लागते. त्याच्या दृष्टीने हा फरक सौंदर्यापुरता राहत नाही.

दुसरी म्हणजे पाणी. बांधकामाचे एकूण क्षेत्र २०,००० चौरस मीटरच्या पुढे गेले की पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते आणि अशा प्रकल्पात सांडपाणी शुद्धीकरणाची व्यवस्था आलीच. त्यातून निघणारे पाणी शौचालयाच्या टाक्यांना देऊनही बरेचदा उरते. नवी मुंबई महापालिका शुद्ध केलेले पाणी उद्यानांसाठी वापरतेच. मग अडतीस टँकरांची भीती कशाला?

तिसरी म्हणजे उंची. जमिनीतली मधुमालती दोन-तीन मजल्यांपर्यंत आनंदाने चढेल, पण पुढच्या वीस मजल्यांचे काय करणार? सिंगापूरच्याच ओएशिया हॉटेलवर, २०१६ साली, वोहा या वास्तुसंस्थेने लाल ॲल्युमिनियमच्या जाळीवर २१ जातींच्या वेली चढवल्या आणि त्यांची मुळे वरच्या मजल्यांवरच्या कुंड्यांत ठेवली. म्हणजे वेल हवी असेल तरी उंचावर कुंडी, ठिबक आणि माळी यांतून सुटका नाही.

पाचपाखाडीकर

हॉर्टपार्कचा दाखला दिलात ते बरे झाले, कारण त्याच अभ्यासात असेही नोंदवले आहे की एका रचनेचा आसपासच्या हवेवर जवळजवळ काहीच परिणाम दिसला नाही आणि दुसरीचा भिंतीपासून ६० सेंटीमीटर अंतरापर्यंतच जाणवला. त्यामुळे भिंतीमागच्या सदनिकेला लाभ होतो, हे मला मान्य आहे. ‘परिसर थंड होतो’ हे जाहिरातीतले वाक्य मात्र मान्य नाही. भिंतीवर सावलीच हवी असेल तर खोल छज्जे, उभ्या पट्ट्या किंवा पोकळी ठेवून बांधलेली दुहेरी भिंत यांनीही ती मिळते आणि त्यांना खत-पाणी लागत नाही.

शुद्ध केलेल्या सांडपाण्यात क्षार अधिक असतात. ठिबकची तोंडे बुजण्याचे ते नेहमीचे कारण आहे आणि पंधराव्या मजल्यावरचे बुजलेले तोंड दोरावर लटकून साफ करावे लागते, हेही हिशेबात धरावे.

प्रतिसाद : कळव्याचा रोपवाटिकावाला

मी रोपे पुरवतो, तेव्हा माझा स्वार्थ यात आहे, हे आधीच सांगून टाकतो. ज्या भिंती वर्षभरात वाळतात त्यांपैकी बहुतेकींमध्ये रोपांची निवड चुकलेली असते, कारण उद्घाटनाच्या छायाचित्रात भरगच्च दिसावे म्हणून सावलीतले सिंगोनियम, फिलोडेंड्रॉन आणि नेचे भर उन्हात लावले जातात. त्याच जागी रिओ, अल्टरनँथेरा, शेफ्लेरा किंवा पडदावेल लावली असती, तर निम्म्याहून अधिक रोपे तगली असती. दिशा, वारा आणि छाया पाहून भिंतीचे तीन-चार पट्टे पाडावेत, तळाच्या रांगांना कमी पाणी सोडावे (वरचे निथळून तिथेच येते) आणि दर मोसमात काही रोपे बदलावी लागतील हे आधीच मान्य करावे. मला या प्रकारात खरी अडचण वाटते ती कराराची. उभारणीचा ठेका एकाकडे, देखभाल दुसऱ्याकडे आणि पाण्याची जबाबदारी कोणाकडेच नाही, अशी वाटणी झाली की रोपे कुठलीही लावा, ती मरणारच.

हे आपल्याकडेच घडते असेही नाही. लंडनच्या इस्लिंग्टन भागात एका बालकेंद्रावर २००६ साली सुमारे एक लाख पौंड खर्चून केलेली जिवंत भिंत २००९ पर्यंत वाळून गेली होती.

प्रतिसाद : घोडबंदरवासी

चर्चा एका इमारतीपुरती होत आहे. मला रस्त्याचे बोलायचे आहे. घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे खांब, अवजड वाहने आणि दोन्ही बाजूंना वाढणाऱ्या इमारती, अशी घळ तयार होत आहे. बर्मिंगहॅम आणि लँकेस्टर विद्यापीठांच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवले की अशा घळीसारख्या रस्त्यांवर भिंती हिरव्या केल्यास नायट्रोजन डायऑक्साइड ४० टक्क्यांपर्यंत आणि सूक्ष्म धूलिकण ६० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. अरुंद रस्त्यावर मोठ्या झाडांचे छत काही वेळा धूर खालीच अडकवते. भिंतीवरच्या पानांमुळे ती अडचण येत नाही. पदपथावर खड्डा खणायलाही जागा उरलेली नसताना उभ्या बागांना नाके मुरडणे आपल्याला परवडणारे नाही.

पाचपाखाडीकर

ते आकडे संगणकीय प्रतिमानातले आहेत आणि दोन्ही बाजूंच्या भिंती मोठ्या प्रमाणावर वेष्टित असल्याचे त्यात गृहीत धरले आहे. चार-सहा खांबांना कप्पे बांधल्याने तो परिणाम होणार नाही. शिवाय जानेवारी ते मे आपल्या पानांवर बसणारी धूळ धुऊन काढायला पाऊस नसतो, तेव्हा तेही काम पुन्हा टँकरकडेच जाते.

मला याहून अधिक खटकते ती अदलाबदल. महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण अधिनियमात २०२१ साली सुधारणा झाली, पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि झाड तोडावे लागले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट आली. म्हणजे कायद्याने झाडाचे वय मोजले आहे. आमच्या आराखड्यात कुंपणालगतचे दोन जुने आंबे आणि एक जांभूळ जाणार आहेत, आणि सादरीकरणात त्यांच्या शेजारी हिरव्या भिंतीचे चौरस मीटर ‘भरपाई’ म्हणून लिहिले होते. रिओच्या पानांची ही भरपाई कोणत्या पक्ष्याला पटणार?

प्रतिसाद : सीवूड्सची रहिवासी

झाडे तोडण्याच्या बदल्यात भिंत, याला माझाही विरोध आहे, पण त्या आक्षेपाचे ओझे भिंतीवर टाकू नये. तो सौद्यावरचा आक्षेप आहे. डासांचा विषय कोणी काढला नाही, म्हणून थोडक्यात सांगते की कप्प्यांखालच्या पन्हळीत पाणी साचले तर डेंग्यूच्या डासांची सोय होते, तेव्हा उतार आणि निचरा नकाशातच दाखवायला लावावा.

धागाकर्त्यांच्या येऊरच्या कड्याच्या उदाहरणातून मला मात्र उलटा निष्कर्ष सुचतो. कडा आठ महिने तपकिरी असतो आणि त्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. मग भिंतही मोसमी का असू नये? पाऊस पडताच तेरडा आणि नेचे उगवावेत, दसऱ्यानंतर ते वाळू द्यावेत, ठिबक बंद ठेवावे. वाळलेली भिंत म्हणजे फसलेली भिंत, हा समज जाहिरातीतल्या चित्रांनी करून दिला आहे.

ऐरोलीचा वास्तुविशारद

कल्पना चांगली आहे, पण ज्या महिन्यांत भिंतीला सावली हवी असते त्याच महिन्यांत ती उघडी राहील. पश्चिमेच्या बाजूला ती चालणार नाही. उत्तरेला करून पाहता येईल.

पाचपाखाडीकर

या चर्चेनंतर पुढील सभेत मी दुरुस्ती मांडणार आहे. झाडांचा विषय या ठरावातून वेगळा काढावा आणि आंबे व जांभूळ जागेवर ठेवून आराखडा सरकवता येतो का, हे आधी विचारावे. पश्चिमेला तीन मजल्यांपर्यंत जमिनीतल्या वेलींची जाळी आणि वरच्या मजल्यांना छज्जे असावेत. कप्प्यांची भिंत हवीच असेल तर ती उत्तरेला, ४०० ऐवजी ४० चौरस मीटरची, आणि ठेकेदाराच्या देयकातील एक तृतीयांश रक्कम दोन उन्हाळे उलटल्यावर द्यावी.

कळव्याचा रोपवाटिकावाला

दोन उन्हाळे पैसे अडकवून ठेवलेत तर लहान माळी निविदाच भरणार नाहीत आणि काम पुन्हा चित्रे दाखवणाऱ्या मोठ्या कंपनीकडे जाईल. एक उन्हाळा ठेवा आणि पाण्याची जबाबदारी संस्थेने स्वतःकडे लेखी घ्यावी.

पाचपाखाडीकर

पाण्याची अट मान्य आहे. उन्हाळे मात्र दोनच ठेवतो, कारण पहिल्या वर्षी रोपवाटिकेतले खतच रोपांना तारून नेते. लहान माळ्यांसाठी राखून ठेवायची रक्कम एक षष्ठांशावर आणता येईल.