ओहायोत हरणासाठी स्लग: गुळगुळीत नळीत कोणता चालेल?

कोलंबसकर
हरणासाठी स्लग, म्हणजे छर्र्यांऐवजी एकच जड गोळी असलेलं काडतूस, घ्यायचंय. बंदूक छर्र्यांची रेमिंग्टन ८७०, १२ गेज (नळीचं माप), २८ इंची गुळगुळीत नळी, मॉडिफाइड चोक (नळीच्या तोंडाचं मध्यम आकुंचन), निशाण्यासाठी टोकाला नुसता मणी. थँक्सगिव्हिंगनंतरच्या बंदुकीच्या हंगामात शेताच्या बांधावर बसायचंय, अंतर ६०-७० यार्ड. दुकानदार सॅबो स्लग ‘जास्त अचूक’ म्हणून पुढे करतो, किंमतही चांगलीच जास्त. घेऊ का? आणि निशाणा किती अंतरावर जुळवू?

रानवाट
सॅबो नको. त्यात लहान व्यासाची गोळी प्लॅस्टिकच्या वेष्टनात असते. नळीतल्या आट्या, म्हणजे आतल्या पिळदार खाचा, ते वेष्टन पकडतात आणि गोळीला फिरकी मिळते. तुमच्या नळीत आट्याच नाहीत, म्हणजे गोळी कोलांट्या खात जाणार. कागदावर आडवी, लांबट भोकं दिसली की समजा हेच झालंय.

तुम्हाला हवा फॉस्टर जातीचा स्लग. खोक्यावर ‘रायफल्ड स्लग’ लिहिलेलं असतं आणि इथेच सगळे फसतात: रायफल्ड स्लग हा बिनआट्यांच्या नळीसाठीच. त्यावरच्या तिरक्या रेघांनी फिरकी जवळजवळ मिळत नाही. चोकमधून जाताना शिसं दबायला जागा मिळावी, एवढंच त्यांचं काम. स्लग सरळ जातो तो नाक जड आणि बूड पोकळ म्हणून, बॅडमिंटनच्या फुलासारखा. पावणेतीन इंची, १ औंस घ्या. हरणाला तेवढा पुरतो. तीन इंचीने खांद्याला दणका तेवढा जास्त.

मॉडिफाइड काढून इम्प्रूव्ह्ड सिलिंडर, म्हणजे त्याहून सैल चोक, लावा. घट्ट चोकमध्ये मऊ शिसं वेडंवाकडं दबतं.

जुनीनळी
ब्रेनेके जातीचा स्लगही गुळगुळीत नळीत चालतो. त्याची बुडाची गुटळी गोळीलाच जोडलेली असते, शिसं जरा कडक, घुसतो खोल. रानडुकरासाठी छान, तुमच्या कामाला गरज नाही.

चेंबरची (काडतूस बसतं त्या जागेची) लांबी नळीवर कोरलेली असते, ती वाचा. बऱ्याच जुन्या ८७० ला पावणेतीन इंचीच चेंबर असतो. तीन इंची काडतूस त्यात बसतं, कारण तोंड दुमडलेलं असतं. बार होताना ते उलगडून पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब वाढतो. शिवाय २० गेजचं पिवळं काडतूस खिशात राहू देऊ नका. ते १२ च्या नळीत पुढे सरकून अडकतं, मागून दुसरं भरून बार काढला की नळी फुटते.

कोलंबसकर
चोक बदलला, फॉस्टर मारले. ५० यार्डांवर सगळे सात-आठ इंच वर. स्लग बदलू?

रानवाट
स्लगचा दोष नाही. मण्यामागची पट्टी दिसत असेल, तर गाल दस्त्यावरून उचलला जातोय. पट्टी दिसायला नको, फक्त मणी. तरीही वरच जात असेल, तर ८७० ला वीस इंची, मागे-पुढे साइट असलेली गुळगुळीत स्लग नळी मिळते. मॅगझिनची (नळीखालच्या, काडतुसं भरायच्या नळकांड्याची) टोपी उघडली की नळी निघते.

जुळवताना बंदूक वाळूच्या पिशवीवर, हात मध्ये, कठीण टेकूवर नको. आधी २५ यार्ड, मग ५०. तीन-तीन बार, मध्ये नळी गार होऊ द्या. सहाव्या-सातव्या बारापासून दणक्याच्या धास्तीने आपणच चाप हिसकतो, मग कागद काहीही सांगतो. ५० वर जुळलं की ७० ला दीड-दोन इंच खाली येईल, १०० ला पाच-सहा. सगळे बार सहा इंची वर्तुळात पडतात तेवढंच तुमचं अंतर. मण्यावर ते बहुधा ५० च निघेल. खोक्यावरचं नाव बदललं तर पुन्हा जुळवा.

जुनीनळी
ओहायोत हरणाला चेंबर आणि मॅगझिन मिळून तीनच काडतुसं. मॅगझिनमधला प्लग (जादा काडतुसं अडवणारी दांडी) काढला असेल तर परत बसवा. नारिंगी जाकीट अंगात हवंच. आणि सपाट शेतात खाली बसून मारू नका. चुकलेला स्लग शेकडो यार्ड जातो, मागे मातीचा चढ हवा. उंच मचाणावरून मारलं की तो बहुधा जमिनीतच रुततो.