फाशी आणि सुधारणा: हिंडलग्याचं उदाहरण

फाशीच्या कैद्यात सुधारणा झाली असं म्हटलं की लोक विचारतात, ‘तुरुंगात चार भजनं म्हटली की सुधारला का?’ प्रश्न रास्त आहे. पण सुधारणा सिद्ध करण्याचं ओझं कैद्यावर नाहीच. हा माणूस सुधारणार नाही हे सरकारने दाखवायचं, असं सर्वोच्च न्यायालयाच्या बच्चन सिंग निकालात (१९८०) आहे.

आम्हा बेळगावकरांच्या उंबऱ्यावरचं, हिंडलगा तुरुंगातलं प्रकरण घ्या. फाशीच्या एका कैद्याला २००६ पासून, दयेचा अर्ज निकाली निघण्याआधीच, एकांत कोठडीत टाकलं. वर्षानुवर्षं! सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ते बेकायदा ठरवलं आणि फाशी रद्द करून किमान ३० वर्षांची कैद दिली. गुन्हा भयंकरच होता, आणि ३० वर्षं आत म्हणजे काही मोकळीक नव्हे. पण माणसाला कुणाशी बोलूच द्यायचं नाही आणि वर ‘सुधारला का’ विचारायचं, याची मला चीड येते.

सर्वोच्च न्यायालयाच्याच मनोज निकालापासून (२०२२) न्यायालयांनी फाशी सुनावण्याआधीच कैद्याचं तुरुंगातलं वर्तन आणि मानसिक तपासणी यांचे अहवाल मागवायचे आहेत. आपल्या भागात ती तपासणी कैद्याच्या भाषेत व्हायला हवी. खानापूरकडचा मराठी माणूस दुभाष्यामार्फत मनातलं कितीसं सांगणार?