मदत हवी आहे: कोन्यातला कराताय मदरसा, प्रकाश आणि फोटो

तुर्कस्तानात कोन्याला कोणी अलीकडे जाऊन आलंय का? तिथला कराताय मदरसा (१२५१, सेल्जुक काळ) १९५५ पासून फरशांचं संग्रहालय आहे. मला घुमटाच्या आतलं निळं फरशीकाम आणि बेयशेहिर तळ्याकाठच्या कुबादाबाद राजवाड्याच्या उत्खननात सापडलेल्या ताऱ्याच्या आकाराच्या फरशा नीट पाहायच्या आहेत. माणसं, पक्षी, प्राणी असलेल्या त्या फरशा म्हणजे खरा खजिना! मी स्वतः सिरॅमिकचं काम करते, त्यामुळे झिलईचे बारकावे टिपायचेत. नुसता सेल्फी नको.

अंकाराहून वेगवान रेल्वेनं सकाळी येऊन संध्याकाळी परत, म्हणजे एकच दिवस. जवळचा इन्जे मिनारेली मदरसाही त्यातच बसवायचा आहे, पण वेळ कमी पडला तर तो सोडेन. वेळा आणि तिकिटाची माहिती आहे, ती नको. प्रवासवर्णनं, व्हिडिओ पाहून झाले. त्यात सगळे दारावरच्या कोरीवकामातच रमलेले (दार सुंदर आहेच म्हणा). तुर्की येत नाही, भाषांतराच्या ॲपवर काम चालवते.

घुमटाच्या मधोमध उजेडासाठी झरोका आहे, तर आतल्या फरशांवर प्रकाश सकाळी चांगला असतो की दुपारी? आणि ट्रायपॉड लावू देतात, की खाली बसून स्केच करणंच बरं?