लिलावातली १९ नंबरची वस्तू: ७५ डॉलर??

मंदार, बुधवार, जानेवारी २०२५, रात्री ९.१२

मंडळी, शनिवारच्या लिलावाची यादी उद्या दुपारपर्यंत छापायला द्यायचीय. सगळं ठरलंय, फक्त १९ नंबर सोडून. श्रीकांतकाकांनी पॅट्रियट्सची, म्हणजे आपल्या न्यू इंग्लंडच्या अमेरिकन फुटबॉल टीमची, जर्सी दिलीय, कोरी, टॅगसकट, आणि सुरुवातीची बोली ७५ लिहिलीय. मला वाटलं क्वार्टरबॅक (बॉल फेकणारा) ब्रेडीची असेल नाहीतर रिसीव्हर (बॉल झेलणारा) एडलमनची. आज पिशवी उघडली तर पाठीवर १५ आणि वर हॅरी. एनकील हॅरी, तो फसलेला रिसीव्हर!! ७५ ला कोण हात वर करणार? गेल्या वर्षी त्या फूड प्रोसेसरच्या वेळी स्टेजवर मी एकटा उभा होतो, तुमच्यापैकी कोणी नव्हतं. २० करू? की यादीतूनच काढू? पटकन सांगा.

श्रीकांत, बुधवार रात्री ९.५०

मंदार, धर्माची गाय आणि दात का नाय असं चाललंय तुझं. २०१९ च्या मे महिन्यात फॉक्सबरोला स्टेडियमच्या दुकानातून पूर्ण किंमत मोजून घेतलीय ती, सेलमध्ये नाही. पैसे मराठी शाळेच्या पुस्तकांना जाणार आहेत, माझ्या खिशात नाही. आणि हॅरीला हसण्याआधी जरा आठवा, पहिल्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुखापत झाली ती थेट नोव्हेंबरात मैदानावर आला, डिसेंबरात चीफ्स टीमविरुद्ध त्याचा धडधडीत टचडाउन (बॉल शेवटच्या पट्ट्यात नेणं) रेफरीने पाय रेषेबाहेर म्हणून दिला नाही आणि कोच बेलिचिककडे निर्णयाला द्यायचं चॅलेंज उरलं नव्हतं, आणि पुढच्या मार्चमध्ये ब्रेडीच निघून गेला. पोराने करायचं काय?

अनिरुद्ध, बुधवार रात्री १०.०५

काका, तो टचडाउन होता, मान्य. पण तीन वर्षांत ५७ कॅच, ५९८ यार्ड, ४ टचडाउन. ड्राफ्टमधला, म्हणजे टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यातला, पहिल्या राउंडचा माणूस! बेलिचिकने इथल्या इतक्या वर्षांत पहिल्या राउंडमध्ये घेतलेला एकमेव वाइड रिसीव्हर, ३२ वा. आणि त्याच्यानंतर कोण कोण चांगले रिसीव्हर गेले बघा: ३६ ला डीबो सॅम्युअल, ५१ ला ए. जे. ब्राउन, ६४ ला डीके मेटकाफ, ७६ ला टेरी मक्लॉरिन. म्हणजे भाजीबाजारात शेवटच्या गाळ्यापर्यंत चांगला माल होता आणि आपण दारातच पिशवी भरून घरी आलो. शेवटी २०२२ मध्ये शिकागोला दिला तो सातव्या, म्हणजे शेवटच्या, राउंडच्या पिकवर (निवडीच्या हक्कावर), तेही दोन वर्षं पुढच्या. त्या हिशोबाने ७५ नाही हो, ७.५०.

विद्या, बुधवार रात्री १०.२०

भाजीबाजार दिसला म्हणून उघडलं. भोगीच्या भाजीचे सोलाणे आणि पावटे कोण आणणार आहे ते अजून ठरलेलं नाहीये. मी सोमवारी वेगळा मेल टाकला होता, एकाचंही उत्तर नाही. ११० पानं आहेत.

गिरीश, गुरुवार सकाळी ६.४०

विद्याताईंच्या मेलवरून आठवलं. १९९६ मध्ये इथला तेव्हाचा कोच बिल पार्सेल्सला पहिल्या राउंडमध्ये डिफेन्सचा माणूस हवा होता, मालकांनी वरून टेरी ग्लेन घेतला, सातव्या नंबरवर, रिसीव्हर. पार्सेल्स इतका बिनसला की सुपर बोलपर्यंत (अंतिम सामन्यापर्यंत) टीम नेली आणि मग जेट्स टीमकडे गेला. जाताना म्हणाला, स्वयंपाक मी करायचा तर भाजी तरी थोडी मला आणू द्या. गंमत म्हणजे ग्लेनने त्याच वर्षी ९० कॅच पकडले, रूकीचा (पहिल्या वर्षाच्या खेळाडूचा) तेव्हाचा विक्रम होता तो. तेव्हा मालकांनी आणलेली भाजीही कधीकधी चांगली निघते.

मी तेव्हा जुन्या स्टेडियमच्या पत्र्याच्या बाकांवर बसून मॅच बघितलेल्या आहेत, थंडीत खालून बर्फ लागायचा. आताच्या मंडळींना ते सांगून कळायचं नाही. असो. यादी लिलावाची आहे, कृपया विषयाला धरून लिहा.

समीर, गुरुवार सकाळी ८.१५

अनिरुद्ध, नंतर कोण गेलं हे दरवर्षी प्रत्येक टीमचं काढता येतं. माझं म्हणणं वेगळंय. हॅरी फॉक्सबरोऐवजी दुसरीकडे गेला असता तर कदाचित चालला असता आणि ए. जे. ब्राउन इथे आला असता तर कदाचित बसून राहिला असता. इथली सिस्टीमच तशी होती. रिसीव्हरने ठरलेल्या रेषेत पळायचं नाही, पळता पळता समोरचा कॉर्नर (त्याला अडवणारा डिफेन्सचा माणूस) बघायचा, तो मागे सरकला तर थांबायचं, अंगावर आला तर वरून निघायचं, आणि ब्रेडीने त्याच क्षणी तेच वाचलेलं असणार. दोघांचं जुळलं नाही की बॉल मोकळ्या गवतात. ओचोसिंकोचं काय झालं आठवा २०११ ला, सिनसिनाटीत वर्षानुवर्षं हजार-हजार यार्ड काढलेला माणूस, इथे अख्ख्या सीझनमध्ये १५ कॅच.

आमच्या चिरंजीवांना हायस्कूलच्या टीममध्ये याची अगदी छोटी आवृत्ती दिली होती. कॉर्नर आत असेल तर बाहेर वळ, बाहेर असेल तर आत. एवढंच. हा आत वळला, क्यूबीने (क्वार्टरबॅकने) बाहेर फेकला, दुसऱ्या टीमचा पोरगा बॉल घेऊन ६० यार्ड पळत गेला. घरी येताना गाडीत कोणी बोललं नाही. तेव्हा मला हॅरीबद्दल पहिल्यांदा वाईट वाटलं.

आता इथे कोण चालले ते बघा. ट्रॉय ब्राउन, १९९३ चा आठव्या राउंडचा, आता तो राउंडच अस्तित्वात नाही. एडलमन सातव्या राउंडचा, केंट स्टेटचा क्वार्टरबॅक. जकोबी मायर्सला तर ड्राफ्टच केलं नव्हतं, तोही मूळचा क्वार्टरबॅक. म्हणजे जे डोक्याने क्यूबी होते ते टिकले. आणि एडलमनलाही पहिली चार वर्षं कोणी विचारत नव्हतं, मधे एकदा डिफेन्समध्ये खेळवला, त्याच्या जागेवरचा वेल्कर गेल्यावर त्याची वेळ आली. उशिराच्या राउंडचा पोरगा कोपऱ्यात शिकत बसू शकतो. पहिल्या राउंडच्या पोराला सप्टेंबरमध्येच रिझल्ट मागतात.

अनिरुद्ध, गुरुवार सकाळी ८.४०

समीर, तुझी थिअरी ब्रेडी असताना ठीक होती. डिऑन ब्रांच दुसऱ्या राउंडचाच होता आणि तिसऱ्याच वर्षी सुपर बोलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू) झाला, ११ कॅच. त्याला नाही जड गेली सिस्टीम. आणि आता ना ब्रेडी आहे, ना बेलिचिक, ना ती प्लेबुक, तरी तेच चाललंय त्याचं काय? ब्रेडी गेल्यावर २०२२ ला वर सरकून ५० व्या नंबरवर रिसीव्हर थॉर्नटन घेतला कारण ४० यार्ड ४.२८ सेकंदांत पळतो. पळतो हो, पण बॉल घेऊन पळायचं असतं. दोनच नंबर पुढे पिट्सबर्गने रिसीव्हर पिकन्स उचलला.

आणि गेल्या एप्रिलच्या (२०२४) ड्राफ्टचं तर बोलूच नका. ३४ नंबर हातात होता, तो चार्जर्सना देऊन ३७ वर आलो. चार्जर्सनी ३४ वर लॅड मकॉन्की घेतला, ११४९ यार्ड. परवाच्या प्लेऑफमध्ये एकट्याने १९७. आपण ३७ वर घेतला पोक, सीझनभरात १२ कॅच, ८७ यार्ड. त्या अदलाबदलीत वर मिळालेल्या ११० नंबरवर घेतला बेकर, एक कॅच. एक. हे निवडणाऱ्याचं चुकलं, शिकवणाऱ्याचं नाही.

श्रीकांत, गुरुवार सकाळी ९.०५

पोकचा डॉल्फिन्सविरुद्धचा शेवटच्या मिनिटातला टचडाउनही असाच पायाच्या बोटावरून गेला होता. हे मी फक्त नोंदवतो.

प्राजक्ता, गुरुवार सकाळी ९.३०

समीरशी सहमत, आणि हे फक्त फुटबॉलचं नाही. आपल्या नाटकाच्या निवडीला गेल्या वर्षी चार नवीन मुलं आली होती, इथे वाढलेली, 'ळ' जरा अडखळत होता पण उभी छान राहत होती. आपण काय केलं? तालमींना वेळ नाही म्हणून परत तेच सहा जण. यंदा त्या चौघांपैकी एकही फिरकलं नाही. तयार माणूस हवा, तयार करायला वेळ नको. मग दहा वर्षांनी विचारायचं नवीन पिढी का येत नाही.

गिरीश, गुरुवार सकाळी ९.४१

नाटकाच्या निवडीचा निर्णय नाट्यसमितीने एकमताने घेतला होता आणि त्याचं इतिवृत्त सर्वांना पाठवलेलं आहे. हा विषय इथे नको.

प्राजक्ता, गुरुवार सकाळी ९.४४

एकमताने म्हणजे त्याच सहा जणांच्या मताने.

मंदार, गुरुवार सकाळी १०.१०

मंडळी!! मला फक्त एक आकडा हवाय. छापखाना १ वाजता यादी मागतोय.

समीर, गुरुवार सकाळी १०.३०

अनिरुद्ध, एकच सांगून थांबतो. मायर्स तर सापडलेला होता ना? फुकट सापडलेला, इथेच चार वर्षं शिकलेला. २०२३ ला त्याला जाऊ दिलं, रेडर्सनी तीन वर्षांचे ३३ मिलियन दिले, आणि आपण जूजूला तीन वर्षांचे जास्तीत जास्त ३३ मिलियनपर्यंत दिले. जूजूने २९ कॅच पकडले आणि दुसऱ्या वर्षी सीझन सुरू व्हायच्या आधी घरी. मायर्सने यंदा हजार यार्ड पार केले. घरी लावलेलं झाड शेजाऱ्याला देऊन नर्सरीतून कुंडी विकत आणली. निवडणंही नाही, शिकवणंही नाही, राखणंच जमत नाही.

(मायर्सने तो बॉल उलटा मागे फेकून रेडर्सच्या चँडलर जोन्सच्या हातात दिला होता ते मला माहितीय, कोणी लिहू नका. मी त्या दिवशी गरबा-दांडियाच्या पैशांच्या मीटिंगमध्ये होतो आणि फोनवर बघून ओरडलो होतो, ते इतिवृत्तात नाही.)

अनिरुद्ध, गुरुवार सकाळी १०.३८

राखण्याबद्दल मान्य. एडलमनच्या २०१९ नंतर २०२४ पर्यंत इथे कोणी हजार यार्ड काढलेले नाहीत, २०२४ लाही सगळ्यात जास्त यार्ड टाइट एंडचे (अडवणं आणि झेलणं दोन्ही करणाऱ्याचे). रिसीव्हर्समध्ये पहिला पॉप डग्लस, ६२१, तोही सहाव्या राउंडचा. तुझ्या थिअरीला तेवढा एक मार्क देतो.

पण चांगला रिसीव्हर हवा होता तेव्हा बेलिचिकने काय केलं, २००७ ला वेल्करला मायामीहून आणलं, मॉसला चौथ्या राउंडच्या एका पिकवर ओकलंडहून आणलं, त्याने २३ टचडाउन काढले. तयार माणूसच आणला की. २०२४ ला तयार माणसंही यायला तयार नव्हती, रिडली टेनेसीला गेला, आयुकने नको म्हटलं. नवा क्वार्टरबॅक ड्रेक मे बिचारा बॉल फेकणार कोणाकडे? त्यात शेवटची मॅच बफेलोविरुद्ध जिंकून, सगळ्यात खालच्या टीमला मिळणारा ड्राफ्टचा पहिला नंबर घालवला आणि चौथ्यावर आलो. हरायचंही जमेना.

गिरीश, गुरुवार सकाळी १०.५५

नवे कोच व्रेबल आलेत आता, बघू. ते स्वतः लाइनबॅकर, पण आयुष्यात १० कॅच पकडले आणि दहाच्या दहा टचडाउन, वर सुपर बोलमधले दोन वेगळे. डिफेन्सच्या माणसाचे टचडाउन श्रीकांतच्या जर्सीवाल्यापेक्षा जास्त आहेत. हे विषयाला धरूनच लिहिलं आहे.

विद्या, गुरुवार सकाळी ११.००

सोलाणे फ्रोझन चालतील का एवढं तरी कोणी सांगा. बाजरीचं पीठ मी आणलंय. भाकऱ्या मी एकटी थापणार नाहीये.

प्राजक्ता, गुरुवार सकाळी ११.१२

विद्याताई, फ्रोझन चालतील, मी आणते आणि भाकऱ्यांना पण येते. मंदार, इतके मेल झाले आणि साइज कोणीच विचारला नाही. काय साइज आहे?

मंदार, गुरुवार सकाळी ११.२०

आत्ता बघितलं. लहान मुलांचा लार्ज. दहा-बारा वर्षांच्या पोराला होईल.

समीर, गुरुवार सकाळी ११.२४

अरे मग सोपं आहे. दहा वर्षांच्या पोराला हॅरी कोण होता हे माहीतच नसणार. नाव लिहूच नकोस, 'पॅट्रियट्सची कोरी जर्सी, निळी, नंबर १५' एवढं लिही. ४० ला आरामात जाईल.

अनिरुद्ध, गुरुवार सकाळी ११.२९

पोराला माहीत नसेल, पण पैसे बाप देणार आहे. पाठ वळवली की हॉलभर हशा. १५ नंबर आहे तर १५ ठेव. मी १५ ला पहिला हात वर करतो, बोली पुढे नाही गेली तर माझ्या भाच्याला होईल.

श्रीकांत, गुरुवार दुपारी १२.०५

सकाळपासून वाचतोय. ती केदारसाठी घेतली होती, तेव्हा तो दहा वर्षांचा होता. त्या फेब्रुवारीत आपण सगळे माझ्या बेसमेंटमध्ये सुपर बोल बघायला होतो, एडलमन एमव्हीपी झाला तो, आणि केदारला वाटलं आता दर वर्षी असंच असतं. ड्राफ्टच्या रात्री जागा राहिला, पहिल्या राउंडचं शेवटचं नाव लागलं तसा म्हणाला बाबा हाच पुढचा. वाढदिवसाला दिली. तो म्हणाला पहिला टचडाउन मारला की घालीन. तो दिवस आला तोवर नोव्हेंबर संपत आला होता आणि तेवढ्यात पठ्ठ्याचे खांदे रुंदावले. टॅग तसाच राहिला. पुढच्या वर्षी कॉलेजला जाईल.

मंदार, १५ लिही. अनिरुद्ध, भाच्याला होईल. फक्त नाव लिही, लपवू नका. आणि माझ्याकडच्या २४ घडीच्या खुर्च्या शनिवारी कोण न्यायला येणार आहे ते कळवा, माझ्या गाडीत मावत नाहीत.