हायबरनेट: एक टॅग काढला की जॉइन टेबलच्या सगळ्या ओळी का उडतात?

प्रश्न:
हायबरनेट (जावाचे ऑब्जेक्ट डेटाबेसच्या टेबलांत ठेवणारी लायब्ररी) वापरतोय. लेख आणि टॅग अशा दोन एंटिटी (टेबलाशी जोडलेले क्लास), मधे मेनी-टू-मेनी, म्हणजे एका लेखाला अनेक टॅग, एका टॅगला अनेक लेख. एका लेखाला बारा टॅग आहेत. त्यातला एक काढून एसक्यूएल लॉग बघितला, तर जॉइन टेबलमधून (दोघांना जोडणाऱ्या टेबलमधून) आधी त्या लेखाच्या सगळ्या ओळी डिलीट आणि मग उरलेल्या अकरांसाठी एकेक इन्सर्ट! डेटा बरोबर राहतो, पण हे असंच चालतं का? शिवाय टॅगच्या बाजूने लेख जोडला तर काहीच सेव्ह होत नाही, एररसुद्धा येत नाही. दोन्हीकडे लिस्ट आहे, मॅप्डबाय (जोडणी समोरची बाजू सांभाळते असं सांगणारी खूण) टॅगमध्ये आहे.

उत्तर १:
लिस्ट काढा, सेट लावा. झालं.

उत्तर २:
सेट लावाच, पण कारणही बघून ठेवा. मेनी-टू-मेनी ही डेटाबेसच्या गावीही नसते. तिथे असतं फक्त तिसरं टेबल, म्हणजेच जॉइन टेबल: लेखाचा आयडी आणि टॅगचा आयडी, दोन्ही फॉरेन की (दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणारे कॉलम). क्रम न सांगितलेल्या लिस्टला हायबरनेट बॅग समजतं. बॅगमध्ये तोच टॅग दोनदा असू शकतो, मग नेमकी कुठली ओळ उडवायची? म्हणून ते सगळं पुसून पुन्हा लिहितं. सेटमध्ये जोडी एकदाच येते, त्यामुळे दोन आयडी देऊन तेवढीच ओळ काढता येते. टेबल हाताने बनवलं असेल तर दोन्ही कॉलम मिळून प्रायमरी की (ओळीची एकमेव ओळख) आहे ना, तेही तपासा.

सेटसोबत इक्वल्स-हॅशकोड (दोन ऑब्जेक्ट एकच आहेत का हे ठरवणाऱ्या मेथड) आलंच. ते जनरेट होणाऱ्या आयडीवर बेतू नका. सेव्ह झाल्यावर हॅश बदलतो आणि सेटमध्ये असलेला टॅग सापडेनासा होतो. टॅगचं नाव युनिक असेल तर तेच वापरा.

दुसरा मुद्दा. जॉइन टेबलमध्ये काय लिहायचं हे हायबरनेट एकाच बाजूला विचारतं, आणि मॅप्डबाय असलेली बाजू ती नव्हे. लेखात एक मेथड लिहा, तिनेच दोन्हीकडे भर घालावी.

आणि कॅस्केड ऑल (सेव्ह, डिलीट वगैरे सगळं जोडलेल्या एंटिटीवरही करणारी सेटिंग) लावलं असेल तर आत्ताच्या आत्ता काढा! लेख डिलीट केला की ते टॅगच्याही मागे लागतं. दोन्ही बाजूंना असेल तर त्या टॅगचे बाकीचे लेखही जातात.

प्रश्नकर्ता:
सेट लावला, आता लॉगमध्ये एकच डिलीट दिसतो. कॅस्केड ऑल होतं, काढलं. टॅग कोणी आणि कधी लावला हेही ठेवायचंय. जॉइन टेबलमध्येच कॉलम वाढवू का?

उत्तर २:
टेबलमध्ये वाढवा, पण मेनी-टू-मेनीच्या मॅपिंगमधून ते कॉलम हाताळता येणार नाहीत. जोडणीचीच एंटिटी करा, लेखटॅग म्हणा. तिच्यात दोन मेनी-टू-वन (एक लेखाकडे, एक टॅगकडे), कीसाठी एम्बेडेडआयडी (दोन आयडींची मिळून एक की) आणि मॅप्सआयडी (त्या कीचे भाग या दोन जोडण्यांमधून घेणारी खूण). मी तर हल्ली सुरुवातच अशी करतो, कारण असे कॉलम आज ना उद्या मागितले जातातच. क्वेरीत एक जॉइन जास्त लिहावा लागतो, एवढंच. लेखातल्या वन-टू-मेनीवर कॅस्केड ऑल इथे चालेल, कारण लेखटॅग लेखाचाच असतो. ऑर्फनरिमूव्हल मात्र विसरू नका, नाहीतर यादीतून काढलेली ओळ टेबलमध्ये तशीच राहील.